नवख्या खेळाडूला वॉरक्राफ्टची कथा सांगायची तर सुरुवात कुठून करावी?

सांजतारा (धागाकर्ती)

मी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ २००६ पासून खेळते आहे, मध्ये दोन मोठे खंड पडले ते सोडून. गेल्या महिन्यात माझी भाची खेळायला लागली. ती १९ वर्षांची आहे, म्हणजे हा खेळ तिच्याहून वयाने मोठा! मला इतका आनंद झाला की पहिल्याच आठवड्यात तिला घेऊन बसले आणि लोर सांगायला सुरुवात केली. लोर म्हणजे या जगाचा सगळा इतिहास, देवदैत्य, राजघराणी, वैरं, सगळंच.

मी टायटनांपासून, म्हणजे जग घडवणाऱ्या देवांपासून, सुरू केलं. मग बिघडलेला टायटन सारगेरास, त्याची बर्निंग लीजन ही दैत्यसेना, ड्रेनॉरवरचे ऑर्क, डार्क पोर्टल, पहिलं युद्ध, दुसरं युद्ध. तिसऱ्या युद्धापर्यंत पोचेतो दोन तास झाले होते. ती शांतपणे ऐकत होती, मधूनमधून मान हलवत होती. पण त्यानंतर आठ दिवस तिने खेळ उघडलाच नाही. विचारलं तर म्हणाली, "मावशी, एवढं सगळं पाठ करायचं असेल तर मला नाही जमणार."

मला फार लागलं ते. या जगाने मला वीस वर्षं सोबत केली आहे आणि मी तेच तिच्यासाठी ओझं करून ठेवलं. तुम्ही नव्या माणसाला ही कथा कशी सांगता? कुठून सुरू करता, किती सांगता, काय राखून ठेवता? सगळे अनुभव हवे आहेत, दुसऱ्या खेळांचेही चालतील.

घुबड

नमनालाच घडाभर तेल गेलं, ताई. :)

एक विचारतो. तिने स्वतःहून काही विचारलं होतं का? की तुम्हीच सुरू केलंत?

सांजतारा

@घुबड, चांगला प्रश्न विचारलात. हो, विचारलं होतं. कुल टिरास हे दर्यावर्दी राज्य मला फार आवडतं म्हणून मीच तिला क्रोमीकडून (खेळात कुठल्या काळाची कथा खेळायची ते निवडू देणारं पात्र) 'बॅटल फॉर अझरॉथ' ही पुरवणी निवडायला लावलं होतं. सुरुवातीलाच जेना ही जादूगार राजधानी बोरालसला येते, तिची आई कॅथरीन भर दरबारात तिला मुलगी मानायला नकार देते आणि आपली रवानगी टोल डॅगोरच्या तुरुंगात होते. ते बघून तिने विचारलं, "ही आई मुलीवर एवढी का चिडली आहे?"

आणि मी टायटनांपासून सुरुवात केली.

रानवाट

माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. क्रम लागतोच. 'वॉरक्राफ्ट ३' (२००२) आणि त्याची 'फ्रोझन थ्रोन' ही पुरवणी (२००३) खेळल्याशिवाय अझरॉथ, म्हणजे खेळातलं जग, कळत नाही. आर्थस, जेना, थ्रॉल, सिल्व्हानस, इलिडन ही सगळी मंडळी तिथे घडली. पुढच्या वीस वर्षांत त्यांच्या बाबतीत जे जे झालं त्याची मुळं त्या दोन खेळांत आहेत. मी माझ्या धाकट्या भावाला आधी तेच खेळायला लावलं. राजपुत्र आर्थसची स्ट्रॅथहोमची मोहीम त्याने स्वतःच्या हाताने खेळली. रोग पसरलेल्या शहरातली माणसं झोंबी व्हायच्या आत मारायची, मालगॅनिस या दैत्याशी शर्यत करत. ती मोहीम संपल्यावर तो खुर्चीत नुसता बसून राहिला. म्हणाला, "मी आत्ता हे काय केलं?" पुढे २००८ च्या 'रॅथ ऑफ द लिच किंग'मध्ये लिच किंग झालेल्या आर्थससमोर उभा राहिला तेव्हा त्याला एका शब्दानेही काही सांगावं लागलं नाही.

वेळ लागतो, मान्य. पण सांगितलेली कथा आणि हाताने केलेली कथा यांत फरक आहे.

काजवा

रानवाट यांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत, बाकीच्याशी नाही. :) एका खेळासाठी आधी दुसरा खेळ पुरा करा असं सांगितलं की दहातले नऊ जण दारातूनच परत जातात.

मी 'फायनल फँटसी १४' खेळतो. तिथे क्रमाचा प्रश्नच येत नाही, कारण मुख्य कथा ओळीनेच खेळावी लागते. २०१३ पासूनची प्रत्येक पायरी चढल्याशिवाय पुढच्या एक्स्पान्शनचं (पुरवणीचं) दार उघडत नाही. तरीही सुरुवातीचा भाग इतका लांबलचक होता की लोक तिथेच थकायचे. शेवटी २०२० च्या ५.३ पॅचमध्ये त्यातल्या बऱ्याच क्वेस्ट (कामगिऱ्या) काढून टाकल्या किंवा आखूड केल्या. म्हणजे क्रम सांभाळायचा तर कात्रीही चालवावी लागते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या खेळाचा पहिला अवतार २०१० मध्ये आला आणि तो फसला. नाओकी योशिदांकडे सूत्रं आली आणि त्यांनी नवा खेळ बांधायला घेतला. जुन्याचा शेवट मात्र त्यांनी कथेतच केला. डॅलामड नावाचा लाल चंद्र आकाशात दिवसेंदिवस मोठा होत गेला, आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद झाले तेव्हा तो फुटून त्यातून बाहामुट हा महाड्रॅगन बाहेर पडला. नवा खेळ सुरू होतो त्या प्रलयानंतर पाच वर्षांनी. तिथे लोक जुन्या वीरांबद्दल बोलतात, पण त्यांचे चेहरे कोणालाच आठवत नाहीत. ते वीर म्हणजे पहिल्या अवतारातले खरे खेळाडू!

मी २०१६ मध्ये सुरुवात केली तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. गावातल्या एका साध्या बाईने "चेहरा आठवत नाही हो त्यांचा" म्हटलं आणि मला वाटलं, असेल काहीतरी. पुढे वर्षभराने गिल्डमधल्या (खेळाडूंच्या गटातल्या) एका जुन्या खेळाडूने सहज सांगितलं, "ते आम्ही होतो." अंगावर सर्रकन काटा आला. पहिल्या दिवशी कोणी हे समजावून सांगितलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती.

ताई, म्हणून म्हणतो. सांगू नका, राखून ठेवा.

पाऊलखुणा

धागा आवडला. थोडं वेगळ्या गल्लीत नेतो, चालेल ना?

मी 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या खेळाचा खेळाडू. खेळ मे २००३ पासून चालू आहे. कागदावरचा इतिहास आहेच. अमार साम्राज्याने मिनमाटारना गुलाम केलं, कालदारी गॅलेंटेंपासून फुटले, जिथून माणसं न्यू ईडनमध्ये आली ते ईव्ह गेटच कोसळलं. छान लिहिलंय सगळं. पण नवखा माणूस त्यासाठी थांबत नाही. तो थांबतो खेळाडूंनी घडवलेल्या इतिहासासाठी.

२७ जानेवारी २०१४. बी-आर५आरबी नावाच्या सौरमालेच्या ताब्याचं ठरलेलं बिल भरलं गेलं नाही, ताबा सुटला आणि दोन्हीकडच्या आघाड्या तिथे धावल्या. लढाई २१ तास चालली, ७५ टायटन, म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं, गेली. एकेक टायटन बांधायला महिने लागतात. कंपनीने त्या जागी अवशेषांचं कायमचं स्मारक ठेवलंय. मी प्रत्येक नव्या माणसाला एका स्वस्त, चिमुकल्या जहाजात बसवून तिथे नेतो. वाटेत काहीच सांगत नाही. समोर ते महाकाय सांगाडे तरंगताना दिसले की आपलं जहाज धुळीच्या कणाएवढं वाटायला लागतं. मग पहिला प्रश्न हमखास येतो, "इथे काय झालं होतं?" त्यानंतर मी तासभर बोललो तरी कोणी कंटाळत नाही.

आधी जागा, मग प्रश्न, मग कथा. उलटं केलं की गाडी अडते.

अबोली_७

+१ पाऊलखुणा. "इथे काय झालं होतं?" हा प्रश्न समोरच्याच्या तोंडून यायला हवा.

हिरवा_कोंब

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज खास यासाठी आयडी काढला. मी स्वतः नवखा आहे, वॉरक्राफ्टमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालं. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

मला लोर कमी सांगितल्याचा त्रास झाला नाही, घाईचा झाला. माझ्या पहिल्या गिल्डमधले लोक चांगले होते, मदत करायचे, पण प्रत्येक वेळी एकच धोशा: "ते वाचू नकोस, पुढे चल, खरा खेळ शेवटच्या लेव्हलला." डंजनमध्ये (छोट्या गटाने करायच्या मोहिमेत) कोणी पात्र काही बोलायला लागलं की बाकीचे चार जण पुढच्या खोलीत पोचलेले. मी कित्येक खलनायकांना ते कोण हे न कळताच मारलंय.

मग एकदा एकटाच ईस्टर्न प्लेगलँड्समध्ये भटकत होतो. डॅरोशायर नावाचं पडकं गाव आहे तिथे, आणि एका घरात पॅमेला नावाच्या छोट्या मुलीचं भूत. आपण मेलोय हे तिला माहीतच नाही. तिला तिची बाहुली हवी असते. बाहुलीचे तीन तुकडे, डोकं, डावी बाजू, उजवी बाजू, गावातल्या पडक्या घरांत विखुरलेले असतात. मी ते शोधले, जोडले, तिला नेऊन दिले. मग तिने बाबांबद्दल विचारलं. ते लढाईला गेले ते परत आलेच नाहीत. त्यानंतर तिची मावशी, तिचे काका, त्या लढाईचा जुना वृत्तान्त असं करत करत कळत जातं की बाबांचं, जोसेफ रेडपाथचं, काय झालं होतं. शेवटी ती डॅरोशायरची लढाई आपण पुन्हा लढतो, आणि बापलेकीची भेट होते.

स्कर्ज म्हणजे काय, लिच किंग कोण, लॉर्डेरॉनचं राज्य कसं बुडालं, हे सगळं मी त्या बाहुलीच्या निमित्ताने स्वतः शोधून वाचलं. रात्रभर. मला कोणीही सांगितलं नव्हतं. एकच मागणं आहे: नव्या माणसाला थांबू द्या.

घुबड

@हिरवा_कोंब, स्वागत! पहिलाच प्रतिसाद आणि असला!! पॅमेलाची क्वेस्ट मी २००५ मध्ये केली होती, आज पुन्हा जाऊन येतो.

काजवा

@हिरवा_कोंब, घाईवरून आठवलं. आमच्याकडे मूळ कथेच्या शेवटी कास्ट्रम मेरिडियॅनम आणि प्रिटोरियम अशी दोन डंजन होती, प्रत्येकी आठ जणांची. जुने खेळाडू सगळे कटसीन (चित्रपटासारखे कथेचे प्रसंग) टाळून धावायचे आणि नवखा कथेचा कळस बघत बसला की बाहेर येईपर्यंत सगळं मारून झालेलं. म्हणून पुढे ते कटसीन टाळताच येणार नाहीत असं केलं. मग जुने लोक वैतागले, कारण रोज तेच तास-तासभर बघायचं. अखेर २०२२ च्या एप्रिलमध्ये ६.१ पॅचने दोन्ही डंजन चार जणांसाठी नव्याने रचली, आणि आता ती एनपीसी (संगणक चालवतो ती पात्रं) सोबत्यांना घेऊन एकट्यालाही करता येतात. खेळ बांधणाऱ्यांनाही हा प्रश्न सोडवायला इतकी वर्षं लागली!

धूमकेतू

खेळाडूंचा इतिहास निघालाच आहे तर वॉरक्राफ्टचाही सांगायला हवा. सप्टेंबर २००५, झुल'गुरुब या रेडमधला (मोठ्या गटाने करायच्या मोहिमेतला) शत्रू हक्कार. त्याचा 'करप्टेड ब्लड' हा शाप त्या रेडपुरताच राहायला हवा होता. पण पाळीव प्राण्यांच्या अंगातून तो बाहेर आला आणि शहरांत पसरला. कमी लेव्हलवाले क्षणात मरत होते, एनपीसी स्वतःला काही न होता तो पसरवत होते. काही जण जखमी लोकांना बरे करायला पुढे आले, काहींनी शहर सोडून रानात आसरा घेतला, आणि काही मुद्दाम गर्दीत शिरून पसरवत सुटले. यावर २००७ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये शोधनिबंध आला, कारण साथीच्या काळात माणसं कशी वागतात याचा तो नमुनाच होता.

हक्कार कोण हे मी नव्या लोकांना आधी सांगत नाही. ही साथ सांगतो. मग तेच विचारतात, "पण हा हक्कार आहे कोण?"

रानवाट

धूमकेतू, घटना जबरदस्त आहे, पण ती लोर नव्हे. तो बग होता. अझरॉथच्या इतिहासात त्याला जागा नाही.

पाऊलखुणा

@रानवाट, जे हजारो लोकांनी जगलं त्याला इतिहास म्हणायचं नाही, आणि जे लेखकाने एका परिच्छेदात लिहिलं त्याला म्हणायचं? मला नाही पटत.

धूमकेतू

आणि लेखकाने लिहिलेलं तरी कुठे स्थिर असतं? 'वॉरक्राफ्ट ३'च्या पुस्तिकेत एरेडार ही जमात मुळातच दुष्ट, आणि त्यांच्याशी लढता लढता सारगेरास बिघडतो. २००७ मध्ये 'बर्निंग क्रुसेड' आलं आणि बरोबर उलटं झालं. एरेडार सज्जन आणि हुशार, सारगेरासने त्यांना भुलवलं, आणि जे त्याला न भुलता व्हेलेनबरोबर पळाले ते ड्रेनाय. ही विसंगती आपल्याच हातून झाली हे वॉरक्राफ्टचे कथाकार क्रिस मेट्झन यांनी मोकळेपणाने मान्यही केलं होतं. मग नव्या माणसाला यातलं कुठलं 'खरं' म्हणून सांगायचं?

रानवाट

शेवटचं जे ठरलं ते. त्यात गोंधळ नाही. आणि मेट्झन यांनी मान्य केलं म्हणूनच मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

बाकी हिरवा_कोंब यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या भावाला मी क्रमाने खेळायला लावलं ते त्याला मानवलं, कारण त्याचा स्वभाव तसा आहे. सगळ्यांना तो नियम लावणं बरोबर नाही, हे कबूल करतो.

अबोली_७

एक विनंती. ताईंची भाची कुल टिरासमध्ये आहे, म्हणजे तिला तेलिया भेटली असणार. तेलियाचे वडील कोण आणि त्यांचं पुढे काय झालं हे कृपया, कृपया तिला सांगू नका. वडील नॉर्थरेंडमध्ये मारले गेले एवढंच तेलियालाही माहीत आहे. भाचीला तेवढंच माहीत असू दे. ती कधी 'रॅथ ऑफ द लिच किंग'च्या वाटेने गेली आणि आइसक्राउनच्या माथ्यावर पोचली, की तिचं तिला कळेल. तो क्षण आपण हिरावून घ्यायचा नाही.

"वीस वर्षं जुनी गोष्ट, आता कसला स्पॉयलर" असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. जी मुलगी त्या वेळी अगदी लहान होती, तिच्यासाठी ती गोष्ट आजच घडते आहे.

सांजतारा

@अबोली_७, नाही सांगणार. शब्द देते.

सगळ्यांचं वाचते आहे. पण त्या मूळ प्रश्नाचं काय करू? आई का चिडली हे तर तिने विचारलंच होतं, आणि ते सांगायचं तर जुनी कथा आलीच ना?

घुबड

येते, पण चारच वाक्यांची. जेनाचे वडील डेलिन ऑर्कांशी लढण्यात आयुष्य घालवलेले दर्यासारंग. जेनाने ऑर्कांचा नेता थ्रॉलशी तह केला, कारण दोघांनी मिळून लीजनला तोंड दिलं होतं. डेलिन तो तह मोडायला जेनाच्या शहरात, थेरामोरला आले. जेना बाजूला झाली आणि होर्डने (ऑर्क आणि त्यांच्या साथीदारांच्या गटाने) त्यांना मारलं.

झालं. यात टायटन कुठेच लागत नाहीत.

दुसरं म्हणजे तिला जेनाचे केस बघायला सांगा. पांढरे आहेत, त्यात एकच सोनेरी बट. मग तिला केव्हर्न्स ऑफ टाइममधल्या (जिथून जुन्या प्रसंगांत जाता येतं) स्ट्रॅथहोमच्या डंजनमध्ये न्या. तिथे सुरुवातीलाच आर्थस, उथर आणि तरुण जेना उभे असतात. जेनाचे केस पूर्ण सोनेरी. घाई करू नका, त्यांचं बोलणं संपू द्या. उथर आणि जेना आर्थसकडे पाठ फिरवून निघून जातात. बस, परत या. केस पांढरे कसे झाले हे ती विचारेल. विचारलंच तर थेरामोरला न्या.

हिरवा_कोंब

थेरामोरला तर आता नुसता खड्डा आहे ना?

घुबड

हो, २०१२ मध्ये होर्डचा तेव्हाचा प्रमुख गॅरॉशने मॅना बॉम्ब (जादूचा बॉम्ब) टाकला तेव्हापासून. जेनाचे केस त्याच दिवशी पांढरे झाले. पण तिथेच, डस्टवॉलो मार्शमध्ये, झिडोर्मी नावाची एक कांस्य ड्रॅगन आहे, माणसाच्या रूपात उभी असते. तिच्याशी बोललं की ती तुम्हाला आधीच्या काळात नेते आणि थेरामोर जसंच्या तसं उभं दिसतं. परत बोललं की पुन्हा खड्डा. जुने खेळाडूसुद्धा तिला ओलांडून जातात, त्यामुळे बऱ्याच जणांना ती माहीतच नसते.

धूमकेतू

झिडोर्मी टिरिसफाल, डार्कशोर, सिलिथस अशा बऱ्याच ठिकाणी आहे. जिथे जिथे जग कायमचं बदललं तिथे ती असतेच जवळपास. नवख्यांसाठी तिच्यासारखा गुरू नाही.

अबोली_७

वाचनखूण साठवली.

सांजतारा

बारा दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफी.

घुबड, तुमची चार वाक्यं मी जशीच्या तशी सांगितली. ती एवढंच म्हणाली, "हं. मग आईचं बरोबरच आहे." आणि स्वतःहून खेळायला बसली. तीन दिवसांनी फोन आला, "मावशी, तिची एक बट सोनेरी का आहे गं?" मी केसांचा विषयही काढला नव्हता!

स्ट्रॅथहोमला दोघीच गेलो. मी माझी पात्रं इतकी वर्षं तिथून पळवत नेली आहेत की पहिल्या पुलावरचं ते बोलणं शेवटचं कधी पूर्ण ऐकलं होतं ते मला आठवेना. या वेळी बोटं कीबोर्डवरून काढून घेतली आणि ऐकलं. जेना वळून चालायला लागली तेव्हा भाची म्हणाली, "ती दर वेळी निघून जाते ना?" आधी स्ट्रॅथहोममध्ये आर्थसपासून, मग थेरामोरमध्ये वडिलांच्या मधून बाजूला. हा धागा वीस वर्षांत माझ्या लक्षात आला नव्हता.

मग थेरामोर. आधी खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिलो. खाली ती जांभळी चमक, फुटलेले दगड, वर कुठे कुठे तरंगणारे तुकडे. नंतर झिडोर्मीशी बोललो आणि समोर तटबंदी, धक्क्याला लागलेली जहाजं, पहाऱ्यावरचे शिपाई. तिने तीनदा मागे-पुढे केलं. खड्डा, शहर, खड्डा. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे होर्डनेच केलं ना? मग तिचे बाबा म्हणत होते तेच खरं निघालं की."

माझ्या ओठांवर किती उत्तरं आली होती! थ्रॉल, गॅरॉश, त्याचा बाप ग्रॉम, ऑर्ग्रिमारचा वेढा, होर्डमधलेच गॅरॉशविरुद्ध उठलेले लोक. सगळं गिळलं. म्हटलं, "होर्डवाल्यांना विचारून बघ."

काजवा

वा!! मग?

सांजतारा

कालच तिने होर्डमधला टॉरेन शमन बनवला. आता टॉरेनांच्या मलगोरमध्ये फिरते आहे, आणि मला बरोबर येऊ नकोस म्हणाली आहे.

रानवाट

ताई, ऑर्क बनवला असता तर बरं झालं असतं, ऑर्कांच्या ड्युरोटारची स्थापना आधी...

नाही, राहू दे. मलगोर छान आहे. फिरू दे तिला.